करपलेलीं माणसें आणि आमचें वाङ्मय

चुलीवरचा भात करपला, तर कोणतीहि गृहिणी तांदळाला बोल लावीत नाहीं. जाळ मोठा झाला काय, पाणी कमी पडलें काय, भांडें पातळ बुडाचें होतें काय, आणि लक्ष ठेवावयास जवळ कोणी होतें कीं नव्हतें, एवढेच प्रश्न ती विचारते. माणसाच्या बाबतींत मात्र आपली चौकशी नेमकी उलट दिशेनें चालते. पंधरा-वीस वर्षें इमानानें चाकरी केलेला मनुष्य हळूहळू निरुत्साही, तिरसट आणि कामास निरुपयोगी झाला, म्हणजे त्याची प्रकृति, त्याचा स्वभाव, त्याच्या घरांतल्या कटकटी, इतकेंच नव्हे तर त्याच्या निजण्याउठण्याच्या वेळा ह्या सर्वांची झडती घेतली जाते. ज्या कचेरींत तो दिवसाचे दहा तास काढीत होता, त्या कचेरीची झडती घ्यावी असें मात्र कोणाच्या मनांतहि येत नाहीं. आपल्या ह्या वृत्तीला आमचें वाङ्मय कितपत जबाबदार आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ह्या अवस्थेला इंग्रजींत ‘बर्नआउट’ असें नांव पडलें असून तें आतां आपल्या वर्तमानपत्रांतहि सर्रास आढळतें. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं तें शास्त्रीय लेखनांत आणलें. गरिबांसाठीं चालविलेल्या एका मोफत दवाखान्यांत तो काम करीत होता, आणि तेथें हौसेनें आलेलीं ध्येयवादी माणसेंच कांहीं काळानें निष्प्राण होऊन बसतात, असें त्याला दिसून आलें. पुढें कॅलिफोर्नियांतील विदुषी क्रिस्टिना मॅस्लाक ह्यांनीं सुझन जॅक्सन ह्यांच्यासह १९८१ सालीं ही अवस्था मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांच्या मतें हिचीं अंगें तीन. अंगांतलें बळ आटून जाणें, हें पहिलें. ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्या माणसांविषयींच मन कोरडें, किंबहुना तुच्छतेचें होणें, हें दुसरें. आणि आपल्या हातून आतां कांहीं होत नाहीं अशी खात्री पटत जाणें, हें तिसरें. गंमत अशी कीं, ह्या तिन्ही अंगांना मराठींत तीन वेगळालीं क्रियापदें आधींपासूनच आहेत. शरीर शिणतें, मन विटतें आणि माणूस खचतो. तिन्ही एकत्र झालीं म्हणजे जें होतें त्याला ‘करपणें’ ह्याहून चांगला शब्द मला सुचत नाहीं, आणि परकी शब्द उसना घेण्याची येथें गरजहि दिसत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगवर्गीकरणांत ह्या अवस्थेची नोंद केली. पण ती रोग म्हणून नव्हे, तर केवळ नोकरीधंद्याच्या संदर्भांतच वापरावयाची एक घटना म्हणून. हा भेद वरवर पाहणाऱ्यास शाब्दिक वाटेल, परंतु त्यावर बरेंच कांहीं अवलंबून आहे. रोग म्हटला कीं रोगी आला, औषध आलें, पथ्य आलें. आणि रोग्याला घरीं पाठवून कचेरी पुन्हां पूर्ववत् चालूं लागली. घटना म्हटली कीं ती कोठें घडली हा प्रश्न विचारावाच लागतो. मॅस्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर ह्यांचें ‘द ट्रूथ अबाउट बर्नआउट’ हें १९९७ चें पुस्तक ह्याच प्रश्नाला वाहिलेलें आहे. माणूस आणि त्याचें काम ह्यांची सांगड सहा ठिकाणीं तुटते, असें त्यांचें प्रतिपादन आहे: कामाचा बोजा, कामावरील स्वतःचा ताबा, मिळणारा मोबदला, बरोबरच्या माणसांतला जिव्हाळा, वागणुकींतला न्याय आणि मनाला पटणारीं मूल्यें. ह्यांपैकीं बोजा तेवढा आपल्या डोळ्यांना चटकन् दिसतो. बाकीच्या पांच गोष्टी दिसण्यासाठीं कचेरींत शिरून पाहावें लागतें, आणि तेथेंच आमच्या लेखकांचें पाऊल अडखळतें.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण लहानपणीं आपण सर्वांनींच पाठ केली आहे, आणि मोठेपणीं तिच्यावर हंसलोंहि आहों. कारण ज्याला त्याला हवी असते ती नोकरीच. परंतु ही उतरंड पैशाच्या हिशेबानें लावलेली नाहीं. तशी असती तर व्यापार वर गेला असता. ती लावलेली आहे ती आपल्या दिवसावर आपला हक्क किती, ह्या हिशेबानें. रॉबर्ट कॅरासेक ह्या अमेरिकन संशोधकानें १९७९ सालीं जो सिद्धान्त मांडला, तो जवळजवळ हाच आहे. काम जड असणें हें स्वतः फारसें घातक नव्हे. काम जड आणि तें कसें करावें हें ठरविण्याची सत्ता मात्र आपल्या हातीं नाहीं, ही जोडी घातक. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांची जी प्रसिद्ध पाहणी १९६७ सालीं सुरूं झाली, तींतहि हृदयविकारानें मरणाऱ्यांचें प्रमाण वरच्या साहेबांत कमी आणि खालच्या पायरीवर अधिक आढळलें. मोठ्या जबाबदारीनें माणूस झिजतो ही आपली समजूत त्यामुळें बरीचशी खोटी ठरली. तिच्या पुढच्या पाहणींत कामावरील ताबा हें एक मोठें कारण म्हणून पुढें आलें.

मी हें मुरुडास बसून लिहीत आहें, आणि येथें ही म्हण जणूं रस्त्यांतच मांडून ठेवलेली दिसते. १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानचा कारभार ह्या गांवांतून चाले. संस्थान गेलें, पण तालुक्याचें ठाणें म्हणून कचेऱ्या राहिल्या. एका बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला एकदऱ्याचे आणि राजपुरीचे कोळी, आणि मध्यें तहसील, पंचायत समिति, दवाखाना, शाळा, एस. टी. चें आगार. कोळ्याचा शीण कोणत्याहि कारकुनापेक्षां भारी असतो. त्याच्या डोक्यावर कर्जहि असतें, आणि समुद्र त्याला दया दाखवीत नाहीं. त्याच्या आयुष्याचें काव्य करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. पण आज होडी काढावयाची कीं नाहीं हें तो वारा पाहून स्वतः ठरवितो, आणि जाळें रिकामें आलें तर कोणी त्याच्याकडून लेखी खुलासा मागत नाहीं. तो दमतो. विटलेला कोळी मात्र मीं फारसा पाहिलेला नाहीं.

आतां वाङ्मयाकडे वळूं. मराठींत चाकरमान्यांचें चित्रण थोडें नाहीं. आमचा वाचक चाकरमान्या, आमचा लेखकहि बहुधा चाकरमान्याच; तेव्हां तें विपुल असावें ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं, एवढ्या विपुल चित्रणांत ती नोकरी ज्या व्यवस्थेनें चालते तिचें दर्शन अगदींच क्वचित् घडतें. माझ्या मतें हें दर्शन सर्वांत आधीं आणि सर्वांत स्वच्छ घडविलें तें दिवाकरांनीं, तेंहि दोन-चार मिनिटांत वाचून होणाऱ्या एका नाट्यछटेंत. शंकर काशीनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर हे पुण्यांतील शाळामास्तर. १९११ पासून त्यांनीं नाट्यछटा लिहिण्यास आरंभ केला. त्यांतील ‘पंत मेले—राव चढले’ ही वाचकांस ठाऊक असेलच. एका घरांत पंतांच्या मृत्यूनें उघडा पडलेला संसार. दुसऱ्या घरांत त्याच मृत्यूनें रिकाम्या झालेल्या जागेवर बढती मिळाल्याचा आनंद. बस्स, एवढेंच.

ह्या नाट्यछटेचा अर्थ शाळेंत आपणांस ‘जगाची रीत’ किंवा ‘मनुष्यस्वभावाचा दुटप्पीपणा’ असा सांगितला जातो. मला तो पटत नाहीं. रावांच्या घरीं जो आनंद झाला त्यांत दुष्टपणा कोठें आहे? पगार वाढला, मुलांचें शिक्षण होईल, चार दागिने होतील, ह्यांत वाईट काय? आणि पंतांविषयीं रावांच्या मनांत वैर होतें, असेंहि नाट्यछटेंत कोठें नाहीं. दोन्हीं घरांतलीं माणसें आपल्यासारखींच साधीं आहेत. दुष्टपणा आहे तो एकाच ठिकाणीं, आणि तें ठिकाण दिवाकरांनीं रंगभूमीवर आणलेलेंच नाहीं. एका माणसाची उन्नति दुसऱ्याच्या मरणाखेरीज होऊं नये अशी शिडी ज्या कचेरीनें उभी केली, ती कचेरी त्या दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेंत उभी आहे. त्या शिडीवर जीं माणसें एकामागें एक उभीं आहेत त्यांच्यांत जिव्हाळा वाढावा कसा? आणि आपण केलेल्या कामाचा व आपल्याला मिळणाऱ्या फळाचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, ही भावना टिकावी कशी? मॅस्लाक-लायटरांच्या सहा गोष्टींपैकीं निदान तीन ह्या इवल्याशा लेखनांत आहेत. आणि लेखक मास्तर असल्यामुळें, उपदेश करण्याची सोय असूनहि त्यानें तो केलेला नाहीं, हें त्याचे उपकारच म्हणावयाचे.

दिवाकरांची ही वाट पुढें फारशी कोणी चोखाळली नाहीं. त्यांच्यानंतर कारकून हा प्रामुख्यानें विनोदाच्या ताब्यांत गेला. चिं. वि. जोशी ह्यांचा चिमणराव, आणि १९६४ सालीं पु. ल. देशपांड्यांच्या ‘असा मी असामी’ मधून आलेला धोंडो भिकाजी जोशी, हीं आमच्या घराघरांतलीं लाडकीं माणसें. त्यांच्याविषयीं वांकडा शब्द लिहावयास लेखणी धजत नाहीं, आणि लिहिण्याचें कारणहि नाहीं; इतकी निर्मळ करुणा मराठी विनोदांत इतरत्र दुर्मिळच. तथापि समीक्षकानें एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. ह्या माणसांची जी त्रेधा उडते ती घरीं, लग्नकार्यांत, प्रवासांत, बदलत्या काळाशीं जुळवून घेतांना. कचेरी येते ती गमतीदार ओळखीच्या माणसांचा मेळा म्हणून. सकाळीं गाडी धरून जेथें जावयाचें आणि संध्याकाळीं जेथून परतावयाचें, असें तें एक ठिकाण. मधले आठ तास अंधारांत राहतात. कारकुनाच्या भित्रेपणावर आपण पोट धरून हंसतों. पण तो भित्रा कां झाला, आपल्या टेबलावरच्या साध्या कागदाचा निकाल स्वतः लावण्याची मुभा त्याला किती वर्षें नव्हती, हें विचारावयाचें राहून जातें. हंसून वाचकाचा शीण हलका होतो खरा. त्या हास्यानें कचेरीहि सुटते.

दुसरी वाट काव्याची. मर्ढेकरांच्या ‘कांहीं कविता’ १९४७ सालीं प्रसिद्ध झाल्या, आणि यंत्रासारख्या हलणाऱ्या महानगरांतला, मुंग्यांच्या रांगेंतला माणूस मराठी कवितेंत प्रथमच त्याच्या खऱ्या थकव्यासह अवतरला. त्या अनुभवाची धग आजहि ओसरलेली नाहीं. पण मर्ढेकरांचा आरोप आहे तो युगावर. यंत्र, युद्ध, श्रद्धेचा नाश, अशीं त्यांचीं आरोपींचीं नांवें आहेत. आणि युग हा आरोपी असा कीं, त्याच्यावर समन्स बजावतां येत नाहीं. मनुष्य हताश होतो, त्याची कविता महान् होते, आणि ज्या साहेबानें दहा जणांचें काम सहा जणांवर टाकलें तो ‘युगाची शोकांतिका’ म्हणून ती कविता वाखाणूं शकतो. विंदा करंदीकरांनीं रोजच्या त्याच त्या आयुष्याच्या कंटाळ्यावर लिहिलेल्या कवितेचीहि हीच गत. नारायण सुर्व्यांचें ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) ह्याला मोठा अपवाद. गिरणींत, मग शाळेंत शिपाई म्हणून, मग मास्तर म्हणून राबलेल्या ह्या कवीला काम म्हणजे नक्की कोणाच्या हुकमानें काय करणें, हें हातानें ठाऊक होतें. त्याच्या कवितेंतला थकवा कधीं निनांवी नसतो. मामा वरेरकरांची ‘धांवता धोटा’ ही १९३३ ची कादंबरी गिरणींत शिरली, हें तिचें श्रेय कोणी नाकारूं नये. जयंत पवारांचें ‘अधांतर’ (१९९७) हें नाटक गिरण्या बंद पडल्यावरचें. काम गेलेल्या घराची राखरांगोळी त्यांत आहे, आणि तो विषय वेगळा.

ज्या लेखनांत ही गोष्ट अगदीं नेमकी सांगितलेली आहे तें आपण वाङ्मय म्हणून वाचीतच नाहीं. तें म्हणजे एक अर्ज. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे स्वतः एके काळीं गिरणींत भांडारपाल होते. सरकारनें कारखान्यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें तेव्हां १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचें एक निवेदन तयार झालें. आठवड्यांतून रविवारीं एक दिवस सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरूं होऊन सूर्यास्ताला थांबावें. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं पडावा. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचें अपंगत्व आलें तर उदरनिर्वाहाची सोय व्हावी.

हा अर्ज मीं अनेकदां वाचला, आणि दर वेळीं त्यांतला एक अभाव मनांत भरतो. मजूर दुबळे झाले आहेत, त्यांना धीर द्यावा, त्यांना सहनशीलता शिकवावी, असें त्यांत एकहि वाक्य नाहीं. माणसांच्या मनासंबंधीं त्यांत कांहींच मागितलेलें नाहीं. मागितलें आहे तें घड्याळ, तारीख, वार. पुढें १८९० च्या एप्रिलांत सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली, तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं, आणि त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. ज्या सुटीच्या दिवशीं आपण आरामखुर्चींत बसून हें मासिक चाळतों, ती सुटी कोणाच्या स्वभावसुधारणेंतून आलेली नाहीं.

ह्या अर्जाच्या शेजारीं अलीकडचा एक प्रसंग ठेवून पाहावा. राज्य परिवहन महामंडळाची गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर प्रथम धांवली, आणि तेव्हांपासून मुरुडसारख्या गांवांचा बाहेरच्या जगाशीं संबंध बव्हंशीं तिच्यावरच राहिला. नांदगांव, काशीद, बोर्ली, कोर्लई करीत साळावच्या पुलावरून रेवदंड्यास आणि तेथून अलिबागेस जाणारी ही गाडी चालविणाऱ्या चालक-वाहकांचा दिवस कसा असतो, हें बसणाऱ्यांपैकीं किती जणांनीं पाहिलें आहे? मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्यांना रात्र परक्या गांवीं काढून पहांटे पहिली फेरी सोडावयाची असते. गाडी जुनी निघाली, घाटांत बंद पडली, वाटेंत गर्दी उसळली, सुट्या पैशांवरून वाद झाला, तर प्रवाशाच्या रागाचा धनी वाहक. आणि ह्यांपैकीं एकहि गोष्ट त्याच्या हातची नसते. कोणती गाडी, कोणती फेरी, किती वाजतां, सारें दुसऱ्यानें ठरविलेलें. हिशेबांत रुपया कमी भरला तर मात्र तो त्याच्या हातचा. कॅरासेकच्या सिद्धान्ताला ह्याहून सुबोध उदाहरण पाठ्यपुस्तकांतहि सांपडणार नाहीं.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर ह्या कर्मचाऱ्यांनीं काम बंद करण्यास सुरुवात केली आणि तो संप राज्यभर पसरला. त्याआधींच्या काळांत पगार वेळेवर होत नव्हते, कित्येक कर्मचाऱ्यांनीं आत्महत्या केल्या होत्या. मुख्य मागणी होती महामंडळाच्या राज्य शासनांतील विलीनीकरणाची. २४ नोव्हेंबर २०२१ रोजीं शासनानें मूळ वेतनांत, सेवेचीं वर्षें पाहून, अडीच हजारांपासून पांच हजारांपर्यंत वाढ जाहीर केली आणि पगार दर महिन्याच्या दहा तारखेच्या आंत देण्याची हमी दिली. लोखंड्यांनीं पंधरा तारीख मागितली होती. १३७ वर्षांनीं दहा तारीख मिळाली, तीहि संप करून. पण ह्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढची. वाढ जाहीर झाल्यावरहि संप मिटला नाहीं. उच्च न्यायालयानें २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितलें, तोंपर्यंत पांच महिने बहुसंख्य कर्मचारी बिनपगारी बाहेर राहिले. सुशिक्षित घरांतून तेव्हां ‘पैसे वाढवून दिले तरी ह्यांचें समाधान नाहीं’ असा सूर निघत होता, आणि विलीनीकरणाचा हट्ट व्यवहार्य होता असें माझेंहि म्हणणें नाहीं. तथापि ज्या माणसाला महिनाअखेरची चिंता आहे तो पांच हजारांची वाढ बाजूला ठेवून बसतो, तेव्हां त्याचा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं हें समजण्यास मानसशास्त्र लागत नाहीं. एकाच रस्त्यावर, एकाच जनतेची सेवा करणारा शासनाचा नोकर आणि आपण ह्यांच्यांत भेद कां, हें त्याला पटत नव्हतें. तो न्यायाचा प्रश्न होता, आणि तो चुकीच्या शब्दांत विचारला गेला असला तरी प्रश्न खराच होता.

आशा सेविकांची गोष्ट ह्याहून विचित्र. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत २००५ पासून आलेल्या ह्या बायका गांवोगांव गर्भवतींची, तान्ह्या मुलांची, क्षयरोग्यांची नोंद ठेवतात. मुरुड तालुक्यांत फणसाडच्या जंगलालगत ज्या वाड्या आहेत, तेथें सरकार म्हणून प्रथम पोंचते ती बहुधा हीच बाई. २०२२ च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा जागतिक सन्मान केला. पण सरकारच्या लेखीं त्या नोकर नाहींत. त्या स्वयंसेविका, आणि त्यांना मिळतो तो पगार नव्हे, कामागणिक मोबदला. ‘स्वयंसेविका’ हा शब्द येथें काय काम करतो पाहा. जी स्वतःच्या इच्छेनें सेवा करते ती थकली तर तिची इच्छा कमी पडली, असा त्याचा अर्थ होतो. शीण मोजण्याची सोयच त्या शब्दानें नाहींशी केली. २०२३ च्या अखेरीस आणि पुन्हां २०२४ च्या आरंभीं महाराष्ट्रांतल्या आशांना संपावर जावें लागलें, तें सन्मानचिन्हाची आठवण ताजी असतांनाच. शब्दांचा व्यापार करणाऱ्या आपणां लोकांनीं निदान ह्या शब्दाविषयीं कांहीं बोलावयास हरकत नव्हती.

‘हें सारें बोज्याचें रडगाणें आहे’, असें कोणी म्हणेल, म्हणून येथें एक उलट बाजूचें उदाहरण देतों. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळलें. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरें उडालीं, विजेचे खांब कोसळले, आणि त्यांत करोनाची सांथ. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वीज कंपनीचे तारमार्ग कर्मचारी ह्यांच्यावर तेव्हां जें काम पडलें त्याला कोणतेंहि परिमाण लावतां येणार नाहीं. तरी त्या दिवसांविषयीं ही माणसें आजहि बोलतात तीं अभिमानानें. झाड तोडून रस्ता मोकळा केला कीं तो मोकळा झालेला डोळ्यांनीं दिसत होता. शेजारचा माणूस कोयता घेऊन बरोबर उभा होता. वरिष्ठांस विचारण्याची सोय नसल्यामुळें निर्णय स्वतःच घ्यावे लागत होते. बोजा प्रचंड, पण ताबा, जिव्हाळा आणि अर्थ हीं तिन्ही जागेवर. तीं माणसें शिणलीं होतीं, विटलीं नव्हतीं. विटणें सुरूं झालें असेल तें नंतर, पंचनाम्यांतल्या एकेका रकान्यावर खुलासे येऊं लागल्यावर.

ह्यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. एकाच कचेरींत, एकाच साहेबाखालीं दोघे बसतात. एक करपतो, दुसरा टवटवीत राहतो. तेव्हां स्वभावाचा वांटा नाहीं असें कसें म्हणावें? वांटा आहेच. चिंताळू स्वभावाचीं माणसें ह्या अवस्थेस लवकर पोंचतात, असें संशोधकहि सांगतात. आणि बर्नआउट म्हणजे विषादरोगाचेंच दुसरें नांव, स्वतंत्र कांहीं नव्हे, असें म्हणणारे पंडितहि आहेत. हा वाद मिटलेला नाहीं. पण समजा कीं स्वभाव हें अर्धें कारण आहे. उरलेलें अर्धें तरी आपल्या हातचें आहे, आणि स्वभाव बदलण्यापेक्षां कामाची वांटणी बदलणें केव्हांहि सोपें. प्रत्यक्षांत घडतें तें उलट. जागा रिकाम्या राहतात आणि ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवलें जातें. वक्ते चांगलें बोलतात. श्वास कसा घ्यावा, फलाची आशा कशी सोडावी, हें कारकुनांना समजावून सांगितलें जातें. व्याख्यान संपल्यावर तुंबलेलें काम उरकावयास ते पुन्हां खुर्चीवर बसतात, आणि त्या दिवशीं घरीं तासभर उशिरा पोंचतात. निष्काम कर्माचा हा उपदेश नेहमीं खालच्या पायरीवरच कां होतो, हें कोडें मला अद्याप उलगडलेलें नाहीं. रिकाम्या जागा भरण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांना कर्मयोगाची गरज अधिक.

आमच्या कथा-कादंबऱ्यांतून कचेरीचें दर्शन घडत नाहीं, ही तक्रार करतांना मी कोणाकडून प्रचारकी लेखनाची अपेक्षा करीत नाहीं. तसल्या लेखनाचें पीक उदंड आहे, आणि त्यांत माणूसहि नसतो, कचेरीहि नसते; असतात त्या घोषणा. माझी अपेक्षा दिवाकरांच्या जातीच्या लेखनाची आहे. हजेरीपट, कामवांटपाचा तक्ता, खुलाशाची नोटीस, ‘आपणांस कळविण्यांत येतें कीं’ नें सुरूं होणारें पत्र, हें सारें मराठी गद्यच आहे. लाखो माणसांच्या झोपेवर आणि भुकेवर त्याची सत्ता चालते. ह्या गद्याकडे आमच्या कोणाहि मोठ्या लेखकानें नीट निरखून पाहिलेलें नाहीं. सामग्री तर रोज तयार होत आहे. दिवाकरांच्या काळीं पंत मेले कीं निदान राव तरी चढत. आतां पंत निवृत्त होतात, त्यांची जागा भरली जात नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं रावांच्या टेबलावर एक कागद येतो: पुढील आदेश होईपर्यंत पंतांचा अतिरिक्त कार्यभार आपणांकडे सोंपविण्यांत येत आहे. पंतांच्या घरीं त्या दिवशीं निरोपाची शाल आणि नारळ, निवृत्तिवेतनाचे कागद अजून मंजूर व्हावयाचे आहेत. रावांच्या घरीं त्यांची बायको जेवण झांकून बसली आहे; साडेनऊ वाजून गेले आहेत, मुलगा विचारतो आहे कीं बाबांना बढती मिळाली का.